क्लबाच्या जर्सीतला देश

प्रतिनिधी, वसई

वसईचा किल्ला चिमाजी आप्पांच्या फौजेने जिंकला तो मे १७३९ मध्ये. फुटबॉलचे नियम लंडनमध्ये प्रथम लिहिले गेले ते १८६३ मध्ये. मधली १२४ वर्षे ध्यानात घेतली, तर वसईच्या चर्चच्या आवारात मुले खेळतात तो फुटबॉल म्हणजे पोर्तुगीजांचा वारसा, हा सहज होणारा समज टिकत नाही. पोर्तुगीज येथून गेले तेव्हा आजच्या रूपातला हा खेळ जन्मालाच आला नव्हता. हिंदुस्थानात तो आला ब्रिटिशांच्या पलटणींबरोबर आणि मिशनरी शाळांमधून. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातदेखील त्याची सुरुवात १८८३ मध्ये शिवोली येथे विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूने केल्याचे सांगितले जाते. राज्यकर्त्यांचा हा खेळ पुढे त्यांच्याच विरोधातील स्वाभिमानाचे साधन बनला, आणि ते काम राष्ट्रीय संघाने नव्हे, तर क्लबने केले.

२९ जुलै १९११ हा दिवस या संदर्भात नेहमी सांगितला जातो. त्या दिवशी कोलकात्यात आयएफए शिल्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या संघाला २-१ असे हरविले. बागानच्या अकरा खेळाडूंपैकी दहा जण अनवाणी होते. बूट घालून खेळणारे एकटे सुधीर चटर्जी. आधी गोल पत्करल्यानंतर कर्णधार शिवदास भादुडी आणि अभिलाष घोष यांनी दोन गोल करून सामना फिरवला. वंगभंगाची जखम तेव्हा ताजी होती. फाळणी रद्द झाल्याची घोषणा त्याच वर्षीच्या डिसेंबरात दिल्ली दरबारात झाली आणि त्याच वेळी राजधानी कोलकात्याहून दिल्लीला नेण्याचेही जाहीर झाले. या निर्णयांचा फुटबॉलशी संबंध जोडणे अर्थातच भाबडेपणाचे. मात्र गोऱ्या सोजिरांना त्यांच्याच खेळात, त्यांच्याच नियमांनी हरवता येते, हे हजारो लोकांनी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. हा दिवस आजही ‘मोहन बागान दिन’ म्हणून साजरा होतो.

तेव्हा देशाचा संघच नव्हता, हे येथे विसरता कामा नये. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची स्थापना १९३७ ची. ज्या समाजाला स्वतःचे राज्य नसते, त्याचा झेंडा मग क्लबच्या खांद्यावर येतो. स्पेनमध्ये कातालान जनतेच्या दृष्टीने बार्सिलोना क्लबचे स्थान असेच आहे. १९२५ मध्ये प्रेक्षकांनी स्पॅनिश राष्ट्रगीताची हुर्यो उडविली, म्हणून प्रिमो दे रिव्हेराच्या राजवटीने क्लबचे मैदान काही महिने बंद ठेवले होते. फ्रँकोच्या काळात तर क्लबचे नाव स्पॅनिश वळणाचे करण्याची सक्ती झाली. बास्क प्रांतातील अॅथलेटिक बिल्बाओ आजही बास्क भूमीशी नाते असलेल्या खेळाडूंनाच संघात घेतो. अल्जीरियाचे उदाहरण याहून विलक्षण आहे. एप्रिल १९५८ मध्ये रशीद मेखलूफी, मुस्तफा झितूनी यांच्यासारखे खेळाडू फ्रान्समधील क्लब सोडून गुपचूप बाहेर पडले आणि स्वातंत्र्य आघाडीच्या संघाकडून खेळू लागले. विश्वचषक दोन महिन्यांवर आला होता आणि फ्रान्सच्या संघासाठी त्यांचा विचार होत होता. ज्या देशासाठी त्यांनी हे केले, तो स्वतंत्र झाला १९६२ मध्ये.

कोलकात्यातील चित्र मात्र १९११ इतके एकजिनसी राहिले नाही. मोहमेडन स्पोर्टिंगने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे कलकत्ता लीग जिंकली, तेव्हा तो मुस्लिम समाजाचा अभिमान ठरला. १९२० मध्ये स्थापन झालेला ईस्ट बंगाल फाळणीनंतर निर्वासितांचा आधार बनला. अभिमान देशाचा म्हणावा, तर प्रत्येक क्लबचा देश थोडा वेगळा होता.

मुंबईत याच काळात धर्मवार अस्मितेचे मैदान होते क्रिकेटचे, पंचरंगी सामन्यांचे. फुटबॉलमध्ये १८९१ पासून रोव्हर्स चषक स्पर्धा होती, पण तिच्यावर दीर्घकाळ गोऱ्या पलटणींचेच वर्चस्व राहिले. १९२३ मध्ये मोहन बागान येथे अंतिम फेरीपर्यंत आला आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून हरला. चषक प्रथम जिंकणारा भारतीय संघ म्हणजे १९३७ चा बंगलोर मुस्लिम्स. स्वातंत्र्यानंतर हैदराबाद पोलिसांनी १९५० पासून सलग पाच वेळा तो पटकावला. कूपरेजवर गर्दी लोटत असे. परंतु विजेते बहुतांशी बाहेरचे. मुंबईचे आपले संघ होते ते टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, महिंद्र अशा कंपन्यांचे. त्यांनी खेळाडूंना नोकरी दिली, ही गोष्ट लहान नव्हे. याच कंपनी-फुटबॉलमधून आलेल्या नेव्हिल डिसूझा यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. पण कंपनीच्या क्लबला शहर आपले मानत नाही, आणि ताळेबंद बदलला की क्लबही बदलतो. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, तेव्हा मुंबईत कोणी रस्त्यावर उतरले नाही. रोव्हर्स चषकाची शेवटची स्पर्धा २०००-०१ मधली, तिच्यासाठीही नाही.

गोव्यात क्लब हे राजकारणाचेही हत्यार होते. मुक्तीचे वारे वाहू लागले, तेव्हा पोर्तुगीज सरकारने १९५९ मध्ये मोझांबिकचा फेरोव्हियारियो आणि १९६० मध्ये लिस्बनचा बेन्फिका हे संघ गोव्याच्या दौऱ्यावर आणले. आपण सारे एकाच साम्राज्याची लेकरे आहोत, हे गोमंतकीयांच्या मनावर ठसवणे हा त्यामागील हेतू. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. खेळ राहिला, साम्राज्य गेले. त्यानंतर खाणमालकांच्या साळगावकर, डेम्पो या क्लबांनी गोव्याला देशाच्या नकाशावर ठळक स्थान मिळवून दिले. डेम्पोने राष्ट्रीय लीग आणि नंतरची आय-लीग मिळून पाच विजेतेपदे मिळविली. पण येथेही मालकाच्या निर्णयावर सारे अवलंबून. आयएसएलला मिळणाऱ्या प्राधान्याच्या निषेधार्थ गोव्याच्या क्लबांनी २०१६ मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतले. डेम्पो त्या स्पर्धेत परतला २०२४-२५ मध्ये.

महाराष्ट्रात फुटबॉल खऱ्या अर्थाने लोकांच्या मालकीचा आहे तो कोल्हापुरात. तेथील संघांची नावेच बोलकी आहेत : पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल पोसला असे उदाहरण अन्यत्र क्वचितच सापडेल. राजर्षी शाहू स्टेडियमवर स्थानिक सामन्याला जी गर्दी होते, ती पाहून मुंबईच्या आयोजकांना हेवा वाटावा. या पेठांच्या ईर्ष्येला दुसरी बाजूही आहे. समर्थकांमध्ये हाणामाऱ्या होतात, पोलीस बंदोबस्त वाढतो, सामने थांबतात. पेठेच्या अभिमानासाठी नायजेरियातून खेळाडू आणण्यापर्यंत मजल गेली, यातला विनोद कोल्हापूरकरांनाही कळतो. तरीही तालमी टिकल्या, कारण त्या कोणा एकाच्या खात्यावर चालत नाहीत. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच.

नावावरचा हक्क लोक किती गांभीर्याने घेतात, याचे अलीकडचे उदाहरण पुन्हा मोहन बागानचे. २०२० मध्ये एटीके या आयएसएल संघाशी एकत्रीकरण होऊन क्लबच्या नावाआधी ‘एटीके’ ही अक्षरे लागली. समर्थकांनी निदर्शने केली आणि विजेतेपदाच्या क्षणीही आपला राग लपवला नाही. अखेर २०२३ मध्ये मालकांना ती अक्षरे काढावी लागली.

वसई-विरारपुढे यातून एक अवघड प्रश्न उभा राहतो. चार नगरपालिका आणि पन्नासहून अधिक ग्रामपंचायती एकत्र करून २००९ मध्ये महापालिका झाली. २०१४ मध्ये जिल्हाही ठाण्याऐवजी पालघर झाला. गावे वगळण्याचा वाद दशकभराहून अधिक काळ आंदोलनांत आणि न्यायालयात रेंगाळला. पश्चिम पट्ट्यातील सामवेदी आणि वाडवळ समाजाची बोली, पेहराव, चर्चचे सण यांची ओळख गावाशी बांधलेली आहे; नालासोपारा-विरारच्या नव्या वस्त्यांत कोकणापासून उत्तर भारतापर्यंतचे लोक आहेत. लोकलने रोज चर्चगेटकडे जाणाऱ्या या वस्तीला ‘आमचे शहर’ म्हणून एकत्र ओरडायला निमित्त कोणते? मुंबई सिटी एफसीच्या विजेतेपदात विरारचा वाटा किती, याचे उत्तर स्टेशनवर दहा जणांना विचारले तर दहा मिळतील.

चर्चचा परगणा वा गाव हाच येथील संघाचा नैसर्गिक पाया आहे, जशी कोल्हापुरात तालीम. फरक एवढाच, की कोल्हापुरातील पेठा एका शहराच्या स्टेडियमवर, एका संघटनेच्या लीगमध्ये समोरासमोर येतात. पेठेची ईर्ष्या त्यातूनच शहराची होते. वसईतील खेळाडूला मात्र मोठ्या स्पर्धेत खेळायचे, तर पुढची पायरी मुंबईच्या क्लबची. २०११ च्या जनगणनेत बारा लाखांहून अधिक लोकसंख्या नोंदलेल्या या महापालिका क्षेत्राच्या नावाने आय-लीग वा आयएसएलमध्ये आजवर एकही संघ उतरलेला नाही.