संगणकाचा पडदा : रुंद, मोठा की एकाहून अधिक

संगणकाचा पडदा (मॉनिटर, स्क्रीन) : संगणकातील मजकूर व चित्रे दाखवणारे साधन. शहापूर व मुरबाड या ठाणे जिल्ह्यातील ग्रामीण तालुक्यांत त्याला सरसकट ‘मॉनिटर’ म्हणतात. नवा पडदा घेताना तीन वाटा असतात : एकच लांबट रुंद (अल्ट्रावाइड) पडदा, एकच मोठा पडदा, किंवा साधे दोन-तीन पडदे शेजारी-शेजारी. शहरातील दुकानात ही निवड टेबलाची लांबी आणि खिसा पाहून होते. या दोन तालुक्यांत संगणकाचे बहुतेक सार्वजनिक काम आधार केंद्र, आपले सरकार सेवा केंद्र (लोकांच्या तोंडी अजूनही ‘सेतू’), तलाठी सजा, डीटीपीचे दुकान आणि शाळा येथे चालते. तिथे पडद्यावर एका वेळी किती कागद दिसायला हवेत आणि तो किती जणांनी पाहायचा, हे आधी ठरवावे लागते. ही नोंद त्याच अंगाने केली आहे.

मापे : पडद्याचे माप कर्णावर, इंचांत सांगतात, त्यामुळे वेगवेगळ्या आकारांची तुलना करताना फसगत होते. २४ इंची साधा पडदा (१६:९) सुमारे ५३ सेंमी. रुंद व ३० सेंमी. उंच असतो, २७ इंची सुमारे ६० सेंमी. रुंद व ३३·५ सेंमी. उंच. ३४ इंची अल्ट्रावाइड (२१:९) ८० सेंमी. रुंद असला तरी उंचीला २७ इंचीएवढाच, म्हणजे ३३ सेंमी.च्या आसपास भरतो. आकडा सात इंचांनी वाढतो, पण पानाची लांबी तेवढीच दिसते. ४९ इंची (३२:९) पडदा म्हणजे २७ इंचीचे दोन पडदे मधली चौकट काढून जोडलेले. ४३ इंची ४के पडदा (३८४०×२१६०) म्हणजे साडेएकवीस इंचीचे चार फुल एचडी (१९२०×१०८०) पडदे, दोनावर दोन, असे समजावे. एकूण पिक्सेल पाहिले तर दोन फुल एचडी पडद्यांवर मिळून सुमारे ४१ लाख, ३४४०×१४४० अल्ट्रावाइडवर सुमारे ५० लाख आणि ४केवर सुमारे ८३ लाख असतात.

पूर्वेतिहास : जुने काचेचे पडदे ४:३ आकाराचे होते, पुढे १७ इंची ५:४ आणि नंतर १६:९ आकार रूढ झाला. एका संगणकाला एकाहून अधिक पडदे जोडण्याची सोय १९८७ च्या मॅकिंटॉश टू मध्ये होती. विंडोजच्या घरगुती आवृत्त्यांत ती विंडोज ९८ पासून आली. २१:९ पडदे २०१२ च्या सुमारास, तर ३२:९ पडदे २०१७ मध्ये बाजारात आले.

अर्जदाराचा पडदा : ग्रामीण महाराष्ट्रात दोन पडद्यांची मांडणी सर्वदूर पोचवली ती आधार नोंदणीने. पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावात देण्यात आले. नोंदणी केंद्राच्या सामग्रीत ऑपरेटरच्या संगणकाखेरीज अर्जदारासाठी स्वतंत्र मॉनिटर (१५-१६ इंची) ठेवण्याचा दंडक आहे. हा दुसरा पडदा ऑपरेटरच्या सोयीसाठी नाही. त्याचे तोंड खिडकीपलीकडे बसलेल्या माणसाकडे असते. आपले नाव, पत्ता, जन्मतारीख काय भरली जाते आहे हे त्याने भरतानाच वाचावे, यासाठी तो आहे.

त्याची गरज का, ते एका आडनावावरून कळते. मुरबाड-शहापूरकडे ‘हरड’ हे आडनाव आहे. इंग्रजीत एच-ए-आर-ए-डी अशी पाच अक्षरे टाईप झाली की देवनागरीच्या चौकटीत हरड, हराड, हरद यांपैकी काहीही उमटू शकते, कारण ड आणि द या दोहोंसाठी इंग्रजीत एकच अक्षर वापरतात. ‘मुकणे’चे ‘मुकने’ होते, ‘विशे’चे ‘विषे’. आजीला वाचता येत नसले तरी सोबत आलेली नात पडद्याकडे पाहून तिथल्या तिथे सांगते, ‘द नाही, ड पाहिजे, डमरूचा ड.’ ऑपरेटर एक अक्षर खोडतो आणि काम पुढे सरकते. हेच छापील पावती हातात आल्यावर लक्षात आले, तर पुन्हा रांग, पुन्हा एक दिवसाची मजुरी बुडते; आणि आधारवरील नाव सर्वसाधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येते. शहापुरात एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, आणि दोन्ही तालुक्यांत कातकरी, ठाकूर, महादेव कोळी समाजाची वस्ती मोठी आहे. जातीचा दाखला व त्याची पडताळणी यांत आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरील नावापासून आजच्या नावापर्यंत अक्षर न् अक्षर जुळवले जाते. अशा ठिकाणी अर्जदाराचा पडदा ही चैन नव्हे.

आधार केंद्राला बांधून दिलेली ही सोय इतर सेवा केंद्रांनी आपणहून करावी, असे नोंदकर्त्याचे स्पष्ट मत आहे. त्यासाठी नवा खर्च लागतोच असे नाही. बाजूला टाकलेला १७ इंची चौकोनी मॉनिटर चालू असेल तर पुरतो. विंडोजचे बटण आणि पी एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडले की ऑपरेटरसमोरचेच चित्र पलीकडे दिसते. अडचण एकच : दोन पडद्यांचा आकार वेगळा असेल तर डुप्लिकेटमध्ये दोन्हींना चालणारे कमी प्रतीचे रिझोल्यूशन घेतले जाते आणि ऑपरेटरची अक्षरे धूसर होतात. तसे झाल्यास ‘एक्स्टेंड’ (दोन पडद्यांवर वेगवेगळे चित्र) ठेवावे आणि भरलेला अर्ज तपासणीच्या वेळी तेवढा पलीकडच्या पडद्यावर सरकवावा. आधीच्या अर्जदाराची माहिती पलीकडे तशीच उघडी राहणार नाही, हे मात्र प्रत्येक वेळी पाहावे. अल्ट्रावाइड कितीही रुंद असला तरी त्याचे तोंड एकाच दिशेला असते. हे काम त्याच्याने होत नाही.

सातबारा आणि उभा पडदा : गाव नमुना ७/१२ चे हस्तलिखित उतारे संगणकावर घेताना नावे, क्षेत्रे व फेरफार क्रमांक यांत चुका राहिल्या. त्या शोधण्यासाठी २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन झाले. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि संगणकावर जे आहे तेच लोकांच्या हाती जाऊ लागले. संगणकीकरणात राहिलेली लेखनचूक दुरुस्त करायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली अर्ज करावा लागतो आणि तहसीलदारांचा आदेश लागतो. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून जातो (इगतपुरी ते आमणे हा ७६ किमी.चा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला). अशा महामार्गासाठीच्या भूसंपादनात हिस्सेदारांच्या नावातले एक अक्षर किंवा क्षेत्रातला एक आर किती महाग पडतो, हे जमीनधारकांना सांगायला नको.

हे काम मुळात दोन कागद समोरासमोर धरण्याचे आहे : डावीकडे जुन्या फेरफार नोंदवहीच्या पानाची स्कॅन प्रत, उजवीकडे संगणकीय उतारा. ए४ कागद २९·७ सेंमी. उंच असतो आणि २४ इंची पडद्याची उंची ३० सेंमी.च्या किंचित आत भरते. म्हणजे हिशेबाने एकाच २४ इंचीवर दोन पाने शेजारी-शेजारी जवळपास खऱ्या मापात मावायला हवीत. प्रत्यक्षात वरच्या पट्ट्या आणि खालचा टास्कबार मिळून तीन-चार सेंमी. जागा खातात आणि पान आक्रसते. छापील मजकूर तरीही वाचता येतो. पण फिकट शाईचे, बोरूच्या किंवा टाकाच्या हस्ताक्षरातले, क्वचित मोडीतले जुने पान मोठे केल्याशिवाय वाचता येत नाही, आणि मोठे केले की शेजारचा उतारा झाकला जातो.

यावर सर्वांत कमी खर्चाचा उपाय म्हणजे दोन २४ इंची पडदे, त्यांतला एक उभा. पडदा नव्वद अंशांत म्हणजे पाव फेरी फिरवून लावला की रुंदी ३० आणि उंची ५३ सेंमी. होते, ए४ पान त्यावर सुमारे १·४ पट मोठे होऊन वरपासून खालपर्यंत एकसंध दिसते. स्टँड फिरणारा नसेल तर मागील बाजूस १०० मिमी. अंतरावरची चार भोके असल्याची खात्री करून टेबलाला आवळायचा क्लॅम्प घ्यावा. उभा पडदा कामाच्या हाताकडे नव्हे, दुसऱ्या बाजूला ठेवावा, म्हणजे लिहायचा कागद आणि माउस यांना जागा राहते. ४३ इंची ४के पडद्यावर अशी दोन पाने मोठी करूनही मावतात. मात्र एवढा पडदा टेबलावर हाताच्या अंतरावर ठेवला तर वरच्या ओळी वाचायला मान मागे जाते. तो भिंतीला लावून टेबल जरा ओढून घेता येत असेल तरच घ्यावा.

देवनागरी अक्षर आणि घनता : पडदा निवडण्याचे बहुतेक सल्ले रोमन अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. देवनागरीत शिरोरेषेवर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, तर खाली उकार आणि ऋकार येतात. एवढे सगळे एकाच ओळीच्या उंचीत बसवायचे असल्याने मधले मूळ अक्षर लहान होते. साध्या पडद्यावर बारीक अक्षरातला अनुस्वार एक-दोन पिक्सेलांचा उरतो. शिंदे आणि शिदे, गंगू आणि गगू यांत फरक तेवढाच. म्हणून आपल्या कामाला रुंदीपेक्षा दर इंचातील पिक्सेल जास्त महत्त्वाचे आहेत.

साडेएकवीस इंची फुल एचडी पडद्यावर दर इंचाला सुमारे १०२ पिक्सेल येतात, २४ इंचीवर ९२. तेच फुल एचडी २७ इंचीवर ताणले की ८२ आणि ३२ इंचीवर ६९. पडदा मोठा होतो, अक्षर मात्र खडबडीत. २७ इंची २५६०×१४४० पडद्यावर १०९, ३४ इंची ३४४०×१४४० अल्ट्रावाइडवर ११० आणि ४३ इंची ४केवर १०२ ही प्रमाणे मराठी मजकुराला चांगली. स्वस्तात मिळणारा ३४ इंची अल्ट्रावाइड पुष्कळदा २५६०×१०८० चा असतो. त्याची घनता ८२ पडते. दुकानात अल्ट्रावाइड दाखवला तर आधी हा आकडा विचारावा.

मोठा टीव्ही मॉनिटर म्हणून लावण्याची पद्धतही दिसते. चित्रपटाला तो उत्तम. मात्र काही टीव्ही रंगाची माहिती कमी तपशिलाने दाखवतात, त्यामुळे रंगीत पार्श्वभूमीवरची, विशेषतः लाल अक्षरे फुटतात. संगणक जोडण्यासाठीचा खास मोड टीव्हीत असेल तर तो चालू करावा. जुन्या संगणकाच्या एचडीएमआय १·४ जोडणीतून ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते आणि माउसचा बाण अडखळत चालतो. ६० साठी एचडीएमआय २·० किंवा डिस्प्लेपोर्ट लागते.

अल्ट्रावाइड कोठे शोभतो : डीटीपी व फ्लेक्सच्या दुकानात. दहा फूट बाय पाच फुटांचा बॅनर २:१ प्रमाणाचा असतो. तो २१:९ पडद्यावर बहुतेक रुंदी व्यापून दिसतो, आणि दोन पडद्यांच्या मधली चौकट नेमकी पाहुण्यांच्या फोटोवर येत नाही. पौष पौर्णिमेला सुरू होणाऱ्या, मुरबाड तालुक्यातील म्हसा यात्रेच्या दिवसांत किंवा लग्नसराईत अशी कामे दाटीने येतात. लांबलचक एक्सेल पत्रके व ध्वनी-चित्र संकलन यांनाही तो सोयीचा. रंगाच्या कामात आणखी एक गोष्ट त्याच्या बाजूने पडते : दोन वेगळ्या पडद्यांवर एकच भगवा दोन तऱ्हांचा दिसतो, एका पडद्यावर तो एकच राहतो.

मोठा पडदा आणि शाळा : शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळा राज्यातील पहिली डिजिटल शाळा म्हणून ओळखली जाते. शिक्षक संदीप गुंड यांनी तेथे टॅब्लेट व स्पर्शाने चालणारा मोठा फळा वापरून शिकवण्याची पद्धत बसवली आणि पुढे ती राज्यातील अनेक शाळांनी उचलली. अनेकांनी एकाच वेळी पाहायचे आणि हात लावायचा असेल तेथे एकच मोठा पडदा, हा या उदाहरणाचा अर्थ. वर्गात पडद्याच्या पिक्सेलांपेक्षा मागच्या बाकावरून अक्षर दिसते का, ही कसोटी.

कर, वाहतूक, वीज : ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १८ टक्के आणि त्याहून मोठ्यावर २८ टक्के वस्तू व सेवा कर असे, त्यामुळे ३४ इंची एक पडदा दोन २४ इंचींच्या मानाने करातही महाग पडे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पडद्यांवरही १८ टक्केच कर आहे. जुने सल्ले वाचताना हा बदल लक्षात घ्यावा.

मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणहून एसटीने किंवा जीपने यावे लागते. शहापूरकरांना आसनगाव स्थानक आहे. २४ इंचीची दोन खोकी दोन फेऱ्यांत, हातात धरून आणता येतात. ३४ किंवा ४३ इंचीचे खोके गर्दीच्या गाडीत आडवे ठेवले जाते आणि पॅनेलला तडा जाऊ शकतो. मोठा पडदा घरपोच मागवणे बरे, आणि खोके निदान हमीची मुदत संपेपर्यंत जपून ठेवावे. दोन पडद्यांपैकी एक बिघडला तरी दुसऱ्यावर काम सुरू राहते. दुरुस्तीसाठी पडदा तालुक्याबाहेर पाठवावा लागतो तेथे हा मुद्दा किमतीइतकाच वजनाचा आहे.

सह्याद्रीच्या पायथ्याशी पावसाळ्यात तारांवर फांद्या पडून वीज जाणे नेहमीचे. २४ इंची एलईडी पडद्याला साधारण २० ते २५ वॅट लागतात, ४३ इंची पडद्याला त्याच्या तिप्पट किंवा अधिकही. एका छोट्या बॅटरीच्या यूपीएसवर हा फरक काही मिनिटांचा असतो. तेवढ्यात अर्धवट भरलेला अर्ज जतन होतो किंवा जातो. दोन पडदे असतील तर ऑपरेटरचाच तेवढा यूपीएसवर ठेवावा.

उत्पादकता : एकाहून अधिक किंवा मोठ्या पडद्यांनी काम लवकर होते असे दाखवणारे अभ्यास झाले आहेत, त्यांतील काहींना पडदे बनवणाऱ्या कंपन्यांचे अर्थसाहाय्य होते. म्हणून येथे टक्केवारी दिलेली नाही.

बसण्याची पद्धत : पडदा डोळ्यांपासून ५० ते ७५ सेंमी., वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली. जवळचा-लांबचा एकत्र चष्मा असणाऱ्यांनी आणखी खाली ठेवावा.



विल्हेवाट : ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. जुन्या काचेच्या पडद्यात शिसे असते. तो फोडून भंगारात देऊ नये. चालू स्थितीतला सपाट मॉनिटर टाकण्याआधी जवळच्या सेवा केंद्राच्या खिडकीत, अर्जदाराकडे तोंड करून, लावता येतो का ते पाहावे.