आगीने राखलेले दप्तर

क्रीट बेटावरील नोसॉसचे नाव निघाले की सर आर्थर एव्हान्स यांचा उल्लेख ओघानेच येतो. आम्हांस मात्र प्रथम आठवतो तो मिनोस कालोकेरिनोस, त्याच बेटावरचा एक हौशी व्यापारी. १८७८ साली त्याने केफाला टेकडीवर कुदळ चालविली आणि प्रचंड रांजणांनी भरलेली कोठारे उजेडात आणली. बेटावर तेव्हा तुर्कांचा अंमल होता. सापडेल ते सारे कॉन्स्टँटिनोपलला जाईल, या धास्तीने स्थानिक प्रतिनिधींनीच ते काम थांबविले. पुढे १८९८ च्या दंगलीत त्याचे घर जळाले आणि संग्रहही त्याबरोबर गेला.

एव्हान्स यांनी २३ मार्च १९०० रोजी खोदकामास आरंभ केला, तेव्हा तुर्की फौजा निघून गेल्या होत्या आणि टेकडी त्यांनी स्वतः विकत घेतली होती. आठवडाभरातच मातीच्या लेखपाट्या हाती लागल्या, मागोमाग दगडी सिंहासनाचा दालनही सापडला. ग्रीक पुराणकथांतील मिनोस राजावरून या संस्कृतीस ‘मिनोअन’ हे नाव त्यांनी रूढ केले. ते लोक स्वतःस काय म्हणवीत, हे ठाऊक नाही. मिसरी लोक त्यांना ‘केफ्तिऊ’ म्हणत. एव्हान्स यांनी पडक्या भिंती सिमेंट-काँक्रीटने उभ्या केल्या, चित्रांचे तुकडे जुळवून घेतले. केशराची फुले वेचणारा एक निळा मुलगा त्यांतून निर्माण झाला. पुढे नीट पाहता तो माकड निघाला! अशा चुकांबद्दल हसणे सोपे आहे. पण ते काँक्रीट नसते तर कित्येक मजले केव्हाच ढासळले असते, हेही खरे.

या संस्कृतीचा अंत कसा झाला? १९३९ साली स्पिरिदोन मारिनातोस यांनी थेरा बेटावरील ज्वालामुखीकडे बोट दाखविले. कल्पना नाट्यमय होती आणि लोकांना फार आवडली. परंतु तो स्फोट इ. स. पूर्व १६०० च्या आसपासचा किंवा थोडा नंतरचा ठरतो, आणि क्रीटमधील बहुतेक प्रासाद जळाले ते इ. स. पूर्व १४५० च्या सुमारास. मोख्लोस येथे तर थेराची राख खाली आणि त्यावर पुन्हा बांधलेली घरे, असा थर आढळतो. म्हणजे माणसे सावरली होती. फैस्तोस, मालिया, झाक्रोस जळाले. नोसॉस तेवढे आणखी काही काळ चालू राहिले. तेथे कोणाची सत्ता होती?

याचे उत्तर पाट्यांनी दिले. त्या कच्च्या मातीच्या, म्हणजे एरवी विरघळून जाणाऱ्या. प्रासादाला लागलेल्या आगीने त्या भाजून निघाल्या, म्हणून टिकल्या. ॲलिस कोबर यांनी शब्दांची रूपे चिकाटीने लावून वाट तयार केली. त्या १९५० साली निवर्तल्या. मायकेल व्हेंट्रिस या तरुण वास्तुविशारदाने १९५२ साली ‘रेखालिपी ब’ उलगडली, आणि भाषा निघाली ग्रीक! एव्हान्स यांना हे कधीच पटले नसते. ते १९४१ साली वारले होते. मेंढ्या, लोकर, रथ यांच्या याद्यांचे हे दप्तर मुख्य भूमीवरून आलेल्या नव्या धन्यांचे होते. लिपीची घडण मात्र त्यांनी बेटवासीयांकडून उचलली होती.

बेटवासीयांची स्वतःची ‘रेखालिपी अ’ अद्याप मुकीच आहे. आमच्या घरोघरच्या ट्रंकांतील मोडी रुमाल वाचणारा शोधला तर अजून भेटतो. या लिपीतील भाषा जाणणारा मात्र कोणी उरला नाही. आकडे तेवढे वाचता येतात. यादीच्या शेवटी पुन्हा पुन्हा एक शब्द येतो आणि त्यापुढील संख्या वरच्या आकड्यांच्या बेरजेशी जुळते. नंतरच्या लिपीच्या आधारे तो ‘कु-रो’ असा वाचतात. अर्थ ‘एकूण’.