शस्त्रक्रियागृहातील मोजदाद : एक खटला व एक नियम

शस्त्रक्रियेत रक्त टिपण्यासाठी घेतलेले बोळे व कापडी घड्या जखम शिवण्यापूर्वी मोजून घ्याव्यात, हा नियम शस्त्रवैद्यांस नवा नाही. परंतु तो पाळला गेला की नाही, हे भुलीखाली असलेल्या रुग्णास कळण्याचा मार्ग नसतो. त्यामुळे या नियमाचा इतिहास पाहावयाचा, तर तो जेथे मोडला तेथूनच पाहावा लागतो.

जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात एका स्त्रीवर प्रसूतीनंतर थोड्याच दिवसांत संततिप्रतिबंधक शस्त्रक्रिया झाली. पुढे ज्वर व वेदना वाढत गेल्या. दुसऱ्या शस्त्रवैद्याने पोट पुन्हा उघडले, तेव्हा आत राहिलेली कापडी घडी व पू आढळला. त्याच महिन्यात ती मरण पावली. कुटुंबीयांच्या दाव्यात प्रथम न्यायालयाने ३६,००० रुपयांची भरपाई दिली. उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुनः प्रस्थापित केला. घडी पोटात सापडली हाच हलगर्जीपणाचा पुरावा होय, आणि रुग्णालय चालविणे हे सार्वभौम सत्तेचे कार्य नसल्यामुळे शासनास दायित्व टाळता येणार नाही, असे न्यायालयाने मानले. निवाडा न्याय्य खरा. पण त्यास बत्तीस वर्षे लागली. शिवाय मोजणी कोणी, केव्हा व कोणासमक्ष करावी, हे ठरविणे न्यायालयाचे काम नव्हते.

ते काम जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या १९ कलमी तपासणी-सूचीने केले. रुग्ण शस्त्रक्रियागृहाबाहेर नेण्यापूर्वी हत्यारे, बोळे व सुया यांची मोजणी पुरी झाल्याचे परिचारिकेने सर्वांसमक्ष मोठ्याने सांगावयाचे. दिल्लीसह आठ शहरांतील पाहणीत मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि कॅनडातील आँटेरिओ प्रांताच्या २०१४ मधील अभ्यासात सक्तीच्या सूचीने असा लक्षणीय फरक दिसला नाही. कागदावर खूण करणे निराळे आणि मोजणे निराळे, असाच त्याचा अर्थ प्रस्तुत लेखकास वाटतो.

१९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी औरंगाबादचे वैद्यकीय महाविद्यालयही आज संलग्न आहे. भावी शस्त्रवैद्य व भावी परिचारिका दोघांसही पदवी देणारे विद्यापीठ आता एकच. पण ‘एक घडी कमी आहे’ असे ज्येष्ठ शस्त्रवैद्यास सांगण्याचे धैर्य परिचारिकेस येते काय, हा प्रश्न अभ्यासक्रमाने सुटणारा नाही. तिने तसे सांगितले की शिवण थांबवावयाची. जखम, जमीन व बादली धुंडाळावयाची. तरीही हिशेब जुळला नाही, तर क्ष-किरण चित्र घ्यावयाचे. घडीत क्ष-किरणांस दिसणारा धागा विणतात तो याचसाठी.