पुलाचे पासबुक

आंबागडचा किल्ला पाहून आम्ही तुमसर रोडला गोंदियाची गाडी पकडली. माडगीजवळ गाडी वैनगंगेच्या पुलावर आली आणि सौ.ने पर्समधून रुपया काढून नदीत टाकला. मी कळवळलो. उभी हयात बँकेच्या काउंटरमागे गेलेल्या माणसाला पावतीशिवाय भरणा बघवत नाही!

"अहो, नदीमाय आहे ती," सौ. म्हणाली. "आणि सकाळी त्या किल्ल्यावर गुडघे झिजवलेत, त्याची पावती घेतलीत वाटतं?"

मुद्दा बिनतोड होता. पण किल्ल्याचे निदान नावगाव तरी सांगतात. देवगडच्या बख्त बुलंदशहाचा अधिकारी राजा खान पठाण याने तो 1700 च्या सुमारास बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी तिथे कैदी ठेवले. विहिरीचे सडके पाणी पाजून त्यांना संपवीत, अशी आख्यायिका आहे. पुलाला मात्र धडधड ओलांडायचे आणि विसरायचे. म्हटले, आपणच याचे खाते उघडू.

आधी जमेची बाजू. मुंबईची गाडी 1867 साली नागपूरला पोचली, पण पुढे छत्तीसगडचे धान्य बैलगाडीच्या भरवशावर. 1876-78 च्या दुष्काळाने सरकारला शिकवले, की धान्य कुठेतरी असून भागत नाही, ते भुकेल्याच्या दारात यावे लागते. 1882 पर्यंत नागपूर-राजनांदगाव रूळ पडले आणि वैनगंगा ओलांडली गेली. पण हे रूळ मीटरगेज, मुंबईचे ब्रॉडगेज! म्हणजे प्रत्येक पोते नागपुरात उतरवून पुन्हा चढवायचे. आमच्याकडे चेक या टेबलावरून त्या टेबलावर हिंडतो, तसेच. शेवटी 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने हा मार्ग घेतला आणि ब्रॉडगेज केला.

त्या काळच्या मोठमोठ्या लोखंडी पुलांची खुबी मला एका इंजिनिअर खातेदाराने काउंटरवरच शिकवली. काडेपेटीच्या चार काड्यांचा चौकोन केला, बोट लावताच तो कलंडला. मधे एक तिरपी काडी घातली, दोन त्रिकोण झाले, आणि पठ्ठ्या हलेना! यालाच ट्रस म्हणतात. भडोचचा 1881 चा नर्मदेवरचा पूल याच हिशेबावर उभा राहिला. मला लगेच पटले. तीन सह्यांचे व्हाउचरही सहसा कोलमडत नाही.

आता नावेची बाजू. इथे माझी लेखणी अडखळली. 1896-97 आणि पुन्हा 1899-1900 साली मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडले. तेव्हा रूळ होते, पूल होते, गाड्याही होत्या. तरी माणसे मेली. कारण गाडी धान्य आणते तशी नेतेही. चांगल्या वर्षी कणगीतले धान्य बाहेरच्या बाजारात गेले, वाईट वर्षी भाव आभाळाला भिडले, आणि ज्याच्या खिशात पैसा नाही त्याच्या समोरून भरलेली गाडी गेली तरी त्याला काय? पुलाने दोन काठ जोडले. धान्य आणि भूक जोडायचे काम माणसांचे होते. ते राहून गेले.

ताळेबंद काही जुळेना. मी खिडकीबाहेर पाहिले. पूल संपत आला होता. मी घाईघाईने खिसा चाचपला आणि एक रुपया खाली सोडला.

"पावती?" सौ.ने विचारले.

मी म्हटले, "जुन्या खात्याची बाकी आहे."