शून्य ओळी

शनिवारची सकाळ, दुसरा चहा आणि डोक्यात पुन्हा तीच जुनी क्वेरी. मंडळी, आज जरा इतिहासात शिरणार आहे. पण आधी माझी एक चूक सांगतो, कारण तिच्यापायीच मी हा इतिहास वाचायला लागलो.

२००६ची गोष्ट. मित्राची मोठी बहीण शिष्यवृत्त्या देणाऱ्या एका संस्थेत हिशेब बघायची. आम्हा सगळ्यांची ती ताईच. एसक्यूएल ती पुस्तकावरून स्वतःची स्वतः शिकलेली. एक दिवस तिचा मेल आला, "अरे, मंजूर झालेल्यांपैकी कुणाचे पैसे द्यायचे राहिलेत ते काढतेय. एकही नाव येत नाहीये. बघ ना जरा, काही चुकलंय का?"

क्वेरी अगदी साधी. मंजूर विद्यार्थ्यांच्या टेबलातून अशी नावं काढ, ज्यांचा क्रमांक पेमेंटच्या टेबलातल्या क्रमांकांमध्ये नाही. म्हणजे आपलं 'नॉट इन'. मी दोन मिनिटं बघितलं आणि तोऱ्यात उत्तर ठोकून दिलं, "ताई, क्वेरी बरोबर आहे. कुणीच राहिलेलं नाही. अभिनंदन!"

तीन आठवड्यांनी एक बाई मुलाला घेऊन संस्थेत आल्या. हातात पासबुक. पैसे जमा झालेच नव्हते.

मग मी ते टेबल नीट उघडून बघितलं. पेमेंटमध्ये एका ओळीत विद्यार्थी क्रमांकच नव्हता. रद्द झालेला चेक, कुणीतरी रकाना रिकामा सोडलेला. त्या एका रिकाम्या रकान्याने अख्खी यादी गिळली होती. हे असं का होतं, याचं उत्तर शोधायला पार १९७०पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेतल्या एडगर कॉड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने एक निबंध छापला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, आणि ती कुठे नि कशी साठवलीय याची चिंता विचारणाऱ्यावर टाकू नका, असं त्याचं म्हणणं. कल्पना सुंदर, पण भाषा गणिताची. सामान्य माणसाने तिच्यात प्रश्न विचारायचा कसा?

हे काम डॉन चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोघांनी अंगावर घेतलं. त्यांची पहिली भाषा 'स्क्वेअर'. तिच्यात खाली-वर लटकलेली चिन्हं इतकी, की ती साध्या कीबोर्डवर टाइप करणं म्हणजे डोकेदुखी. मग त्यांनी सरळ इंग्रजी वाक्यासारखी भाषा केली, 'सीक्वेल'. (हे नाव एका ब्रिटिश विमान कंपनीने आधीच नोंदवलेलं निघालं, म्हणून पुढे त्याचं एसक्यूएल झालं.) १९७४च्या त्यांच्या निबंधात ही भाषा कुणासाठी, तेही लिहिलंय. कॉम्प्युटरवाल्यांसाठी नव्हे. हिशेबनीस, इंजिनियर, वास्तुरचनाकार, नगररचनाकार यांच्यासाठी. म्हणजे थेट आमच्या ताईसाठी! फिलिस रिसनर या संशोधिकेने तर दोन्ही भाषा विद्यार्थ्यांना शिकवून, माणसं नेमकी कुठे अडखळतात याच्या चाचण्या घेतल्या. त्या काळात एखादी कॉम्प्युटर भाषा माणसांवर तपासून बघणं ही काही रोजची गोष्ट नव्हती.

बॉइसला यातलं पुढचं काही बघायला मिळालं नाही. १९७४च्या मे महिन्यात परिषदेत सीक्वेल मांडली गेली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मेंदूतली रक्तवाहिनी फुटून तो गेला. ऐन तारुण्यात. आपण कॉलेजात घोकतो त्या 'बॉइस-कॉड नॉर्मल फॉर्म'मधला बॉइस तो हाच.

आता उरला रिकामा रकाना. माहिती नाहीच, तर तिथे ठेवायचं काय? १९७९च्या निबंधात कॉडने याचा सविस्तर विचार केला. रिकाम्या जागी 'नल' नावाची खूण, आणि 'खरं' व 'खोटं' यांच्या जोडीला तिसरं उत्तर: 'माहीत नाही'. नल म्हणजे शून्य नव्हे, आणि दोन नल एकमेकांना समानही नव्हेत. (दमयंतीच्या स्वयंवरात पाच नल एका रांगेत उभे होते, आठवतंय? दिसायला सारखे म्हणून एकच मानले असते तर पंचाईत झाली असती.)

आता ताईची यादी घ्या. पैसे दिलेले क्रमांक समजा १२, १५ आणि एक नल. १७ नंबरचा मुलगा यात नाही ना? १२ नव्हे, खरं. १५ नव्हे, खरं. आणि तो नल नव्हे? माहीत नाही बुवा, तो १७च असू शकेल. खरं, खरं आणि माहीत नाही, हे 'आणि'ने जोडलं की एकूण उत्तर 'माहीत नाही'. 'व्हेअर' तर फक्त पक्क्या 'खरं'लाच दारातून आत घेतो. म्हणजे १७ बाहेर, १८ बाहेर, सगळेच बाहेर. एरर नाही, इशारा नाही. पडद्यावर शून्य ओळी.

कॉडचाच सहकारी आणि त्याच्या विचारांचा मोठा प्रचारक ख्रिस डेट अनेक वर्षं सांगत राहिला, हा नल काढून टाका. कॉडने ऐकलं नाही. उलट १९९०च्या पुस्तकात त्याने नलचे दोन प्रकार केले, 'माहीत नाही' आणि 'लागूच नाही', आणि उत्तरं तीनाची चार केली! ती काही बाजारात चालली नाहीत. पण तोवर एसक्यूएल १९८६मध्ये अमेरिकेचं मानक होऊन बसलं होतं, तीन उत्तरांसकट. मला विचाराल तर तर्कात कॉडचं काही चुकलेलं नाही. फक्त वाक्य इंग्रजीसारखं वाचायचं आणि उत्तर मात्र तीन किमतींच्या तर्काने घ्यायचं, हे हिशेबनिसाला कुणी सांगितलंच नाही. आणि मी इंजिनियर असून मलाही ते दिसलं नाही.

ताईला 'नॉट इन'च्या जागी 'नॉट एक्झिस्ट्स' लिहून दिलं. "अकरा आहेत रे," ती फोनवर म्हणाली. मग जरा थांबून, "माहीत नाही तर माहीत नाही म्हणायचं ना त्याने. कुणीच नाही असं कसं सांगतो?"

त्या संध्याकाळी बसून तिने अकरा चेक लिहिले. त्या बाईंच्या मुलाची फी भरायची तारीख दोन दिवसांपूर्वी उलटून गेली होती. ताईने कॉलेजात फोन करून सांगितलं, चूक आमच्याकडून झालीय, मुलाला दंड लावू नका. माझं नाव तिने घेतलं नाही.