रुमाल, यादी आणि संगणकातील शोध

दप्तरात कागद शोधण्याच्या दोनच रीती आहेत. हवा तो कागद हाती लागेपर्यंत एकेक रुमाल सोडीत जायचे, ही पहिली. आणि कोणत्या रुमालात काय आहे याची यादी आधीच करून ठेवून ती पाहायची, ही दुसरी. रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे जे ४५ खंड निघाले, त्यांच्यामागे पहिल्या रीतीचे अपार कष्ट होते; पुढील अभ्यासकांची वाट त्यामुळे सोपी झाली. आज आपल्या घरोघरचे दप्तर संगणकात गेले आहे आणि तेथील शोधाचा इतिहास हाही याच दोन रीतींचा इतिहास आहे.

युनिक्स प्रणालीवर 'फाइंड' ही आज्ञा दिली की ती प्रत्येक फोल्डरात शिरून एकेक नाव ताडून पाहत असे. डिस्क लहान होत्या तोवर हे निभावले. १९८३ साली जेम्स वुड्स यांनी युझनिक्स संस्थेच्या 'लॉगिन' या पत्रिकेत एक छोटा लेख लिहून दुसरा मार्ग मांडला. सर्व फाईलींच्या नावांची यादी ठराविक वेळाने आपोआप तयार करावी आणि शोध घ्यावयाचा तो त्या यादीत. यादी आटोपशीर राहावी म्हणून त्यांनी योजलेली युक्ती आपल्या जमाखर्चाच्या वहीतील 'कित्ता'ची आठवण करून देते: आधीच्या नावाशी जुळणारा भाग पुन्हा न लिहिता तो किती अक्षरांचा एवढेच नोंदवायचे आणि पुढचा वेगळा भाग लिहायचा. 'लोकेट' ही आज्ञा याच कल्पनेतून आली. तिचे वैगुण्य उघड होते. यादी रात्री झाली असेल, तर आज सकाळी लिहिलेले पत्र तिच्यात सापडत नाही.

नावापलीकडे जाऊन आतल्या मजकुराचीच सूची करावी, हा विचार वैयक्तिक संगणकावर ठळकपणे आणला तो १९८९ सालच्या लोटस कंपनीच्या 'मॅगेलन'ने. बिल ग्रॉस हे त्याचे कर्ते. डॉसच्या काळ्या पडद्यावर शब्द टाइप करावा आणि तो ज्या ज्या फाईलींत आहे त्या समोर याव्यात, हे त्या काळी नवलच होते. परंतु विंडोजच्या लाटेत मॅगेलन मागे पडले.

पुढची दहा-पंधरा वर्षे डिस्क फुगत गेल्या आणि शोध मात्र रेंगाळत राहिला. २००१ च्या विंडोज एक्सपीत शोधाच्या खिडकीत एक पिवळसर कुत्रा शेपूट हलवीत बसे. त्याच्याकडे पाहण्यात वेळ बरा जाई, एवढेच! मायक्रोसॉफ्टने २००३ साली 'विनएफएस' नावाच्या महत्त्वाकांक्षी योजनेची घोषणा केली. तिच्यात फाईलींची मांडणीच मुळातून बदलावयाची होती. २००६ साली ती योजना गुंडाळली गेली.

या पोकळीत बाहेरच्या साधनांना वाव मिळाला. २००४ च्या ऑक्टोबरात 'गूगल डेस्कटॉप' आले. त्याच वर्षी कॅनडातील कोपर्निक कंपनीचे साधन आले. जानेवारी २००५ मध्ये याहूनेही आपले साधन आणले. ते 'एक्स-वन'च्या पायावर उभे होते आणि त्या एक्स-वनच्या मागे पुन्हा तेच बिल ग्रॉस होते. एप्रिल २००५ मध्ये ॲपलने 'स्पॉटलाइट' आपल्या प्रणालीतच अंतर्भूत केले. काही महिन्यांच्या अवधीत एवढी झुंबड उडाली, याचे कारण केवळ ग्राहकाची सोय नव्हे. ज्याच्या हाती यादी, त्याच्या हाती दप्तर, हे दफ्तरदारांना पूर्वीपासून ठाऊक होते.

गूगल डेस्कटॉप फाईली, पत्रव्यवहार आणि पाहिलेली संकेतस्थळे या सर्वांच्या प्रती आपल्यापाशी ठेवी; त्यामुळे मूळ फाईल पुसून टाकली तरी तिची प्रत त्या सूचीत उरण्याचा संभव असे. फेब्रुवारी २००६ च्या आवृत्तीत एका संगणकावरील कागद दुसऱ्यावरून शोधता यावेत यासाठी, वापरणाऱ्याने तशी निवड केल्यास, त्यांची नक्कल गूगलच्या यंत्रांवर जाऊ लागली. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने हे वापरू नका असे जाहीरपणे बजावले. तो इशारा योग्यच होता असे मला वाटते. पुढे व्हिस्टा प्रणालीतील अंगभूत शोधामुळे प्रतिस्पर्ध्यांची कोंडी होते अशी तक्रार गूगलने अमेरिकी न्यायखात्याकडे नेली आणि २००७ साली मायक्रोसॉफ्टने बदल मान्य केले. सप्टेंबर २०११ मध्ये गूगलने स्वतःच ते साधन बंद केले.

या गदारोळात एक लहानसे साधन जवळजवळ निःशब्दपणे आले. ऑस्ट्रेलियातील डेव्हिड कार्पेंटर यांचे 'एव्हरीथिंग'. त्याची खुबी अशी की ते फोल्डरांतून हिंडतच नाही. १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलेली 'एनटीएफएस' ही मांडणी डिस्कवरील प्रत्येक फाईलीची नोंद 'मास्टर फाईल टेबल' नावाच्या खतावणीत ठेवते. एव्हरीथिंग ही खतावणीच सरळ वाचते. शिवाय विंडोज २००० पासून कोणती फाईल केव्हा बदलली याची रोजकीर्दही डिस्क ठेवू शकते. ती पाहून यादी ताजी राहते. वुड्स यांच्या यादीतील शिळेपणाचे वैगुण्य अशा रीतीने गेले. लक्षावधी नावांतून अक्षर टाइप करता करता उत्तर मिळते. एनटीएफएस नसलेल्या पेन-ड्राइव्हवर मात्र यालाही जुन्या रीतीने घरोघर हिंडावे लागते.

पण ही यादी मुख्यतः नावांची. मजकुरात शोध घ्यावयाचा तर सूची करणारे साधन हवे, आणि येथे आपणा मराठी मंडळींचे खरे दुखणे सुरू होते. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही बराच काळ आपण स्मरणिका, वंशावळी, संस्थांची इतिवृत्ते ज्या फाँटांत टाइप केली, त्यांतील पुष्कळांत देवनागरी आकृती रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसविलेल्या होत्या. डोळ्यांना मराठी दिसते. सूची करणाऱ्या साधनाला मात्र निरर्थक रोमन अक्षरांची रास दिसते. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच स्थान मिळाले होते आणि विंडोज २००० मध्ये ती वापरताही येऊ लागली. पण छापखान्यांची सवय सुटावयास वेळ लागला. असा मजकूर परिवर्तक वापरून युनिकोडमध्ये आणल्याखेरीज जगातील कोणतेही शोधसाधन त्यास हात लावू शकत नाही.

तोवर आधार उरतो तो फाईलीच्या नावाचा, आणि आपल्या गावांची नावे तरी एकेकच कुठे आहेत? बडोदे, बडोदा, वडोदरा. बेळगाव, बेळगावी, बेलगाम. आणि रोमन लिपीत लिहिताना त्यांतही व्ही की डब्ल्यू, हा प्रश्न. घरातील सर्वांनी एकच रूप ठरवून घेतले नाही, तर एव्हरीथिंगचा वेगही फुकट जातो. नावाच्या आरंभी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख घातली तर निदान कागद कालानुक्रमे लागतात.

युनिकोड आल्यावरही एक बारीक खोच राहते. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतील अर्धा र दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. दिसावयास दोन्ही सारखे. साध्या अक्षरजुळणीवर चालणाऱ्या शोधाच्या लेखी मात्र ते दोन भिन्न शब्द. 'ॲ' या अक्षराचेही तसेच. त्याला स्वतंत्र संकेत २००८ साली मिळाला, तत्पूर्वीच्या लेखनात तो 'अ' वर चंद्र देऊन केलेला आढळतो. म्हणून 'दुसऱ्या बाजीरावाचा पत्रव्यवहार' हवा असेल तेव्हा शोधाच्या चौकटीत पूर्ण शब्द न लिहिता 'बाजीराव' एवढेच लिहावे, किंवा फार तर 'दुस'.