जून 2020 चे वीजबिल: कागदांवरून फेरमांडणी

जून 2020 मध्ये महावितरणची बिले हातात पडली आणि यवतमाळसह राज्यभर एकच प्रश्न उठला. घर तेच, मीटर तेच, मग रक्कम एवढी कशी? दरवाढ झाली, स्लॅबचा घोळ झाला, तीन महिन्यांचे एकदम लावले, अशी तीन उत्तरे तेव्हा तोंडोतोंडी फिरली. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचा 30 मार्च 2020 चा दर आदेश (2019 चे प्रकरण क्रमांक 322) आणि त्या काळातले घरगुती बिल शेजारी ठेवले, की ही तिन्ही उत्तरे आकड्यांनी पडताळता येतात.

आधी घटनाक्रम. मार्चच्या मध्यावर दुबईच्या सहलीहून परतलेले कोरोनाचे रुग्ण यवतमाळात आढळले. साथीमुळे 23 मार्चपासून महावितरणने मीटर रीडिंग, बिलांची छपाई आणि वाटप थांबवले. रीडिंग नसेल तर सरासरी वापरावर बिल द्यायला आयोगाची मुभा होती. ही सरासरी डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी या महिन्यांवरून काढली गेली. त्यातच 1 एप्रिलपासून नवे दर लागू झाले. 1 जूनपासून रीडिंग टप्प्याटप्प्याने सुरू झाले, तेव्हा मधल्या सगळ्या महिन्यांचा खरा वापर एका आकड्यात समोर आला. म्हणजे रीडिंगची जागा सरासरीने घेणे आणि जुन्या दराची जागा नव्या दराने घेणे, हे दोन्ही बदल मीटर न वाचलेल्या एकाच कालखंडात झाले.

सरासरीचे हे तीन महिने हिवाळ्याचे. विदर्भात तेव्हा कूलर अडगळीत असतो, पंखाही क्वचितच फिरतो. एप्रिल-मेमध्ये मात्र कूलर रात्रंदिवस चालतो आणि त्या वर्षी तर लॉकडाउनमुळे सगळे कुटुंब घरातच होते. त्यामुळे एप्रिल आणि मेची बिले खऱ्या वापरापेक्षा कमी येणार, हे हिशेबाच्या पद्धतीतच ठरलेले होते.

आता दर पाहू. घरगुती ग्राहकाला पहिल्या 100 युनिटांसाठी वीज आकार 3.05 रुपयांवरून 3.46 झाला, 101 ते 300 युनिटांसाठी 6.95 वरून 7.43 आणि 301 ते 500 साठी 9.90 वरून 10.32. वहन आकार प्रतियुनिट 1.28 वरून 1.45 झाला, तर सिंगल फेजचा स्थिर आकार 90 वरून 100 रुपये.

पडताळणीसाठी एक काल्पनिक घर घेऊ. हिवाळ्याची सरासरी महिना 80 युनिट, एप्रिल ते जूनचा खरा वापर महिना 120, म्हणजे एकूण 360 युनिट. स्थिर आकार आणि 16 टक्के वीज शुल्क बाजूला ठेवून आधी फक्त वीज आकार मोजू.

दरवाढीचे उत्तर आधी तपासू. याच 360 युनिटांवर, तिन्ही महिन्यांचा स्लॅब लाभ देऊन, जुन्या आणि नव्या दरातला फरक वीज आकारात 151.80 रुपये येतो. वहन आकाराचे 61.20 मिळवले की 213 रुपये. वाढ खरी आहे, पण ती तीन महिन्यांवर पसरलेली आहे.

मग स्लॅबचे उत्तर. 360 युनिट एकाच महिन्याचे धरले, तर वीज आकार 2,451.20 रुपये होतो. तीन महिन्यांत विभागले, तर पहिला स्लॅब 300 युनिटांपर्यंत जातो आणि रक्कम 1,483.80 वर येते. म्हणजे विभागणी चुकली तर 967.40 रुपयांचा फटका, दरवाढीच्या चौपटीहून जास्त. विभागणी झाली की नाही, हा म्हणूनच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होता. स्लॅबचा लाभ महिन्यांनुसार विभागून दिल्याचे महावितरणने सांगितले आणि ग्राहक क्रमांक टाकून आपल्या बिलाची फोड पाहता येईल अशी लिंकही दिली.

राहिले तिसरे उत्तर. एप्रिल आणि मेच्या सरासरी बिलांत या घराने 80 युनिटांचे 276.80 रुपये दोनदा, म्हणजे 553.60 भरले. ते वजा केल्यावर जूनमध्ये 930.20 उरतात. जूनच्या स्वतःच्या 120 युनिटांचा वीज आकार मात्र 494.60 आहे. वरचे 435.60 रुपये मागच्या दोन महिन्यांचे. म्हणजे एकही चूक न होता बिल जवळजवळ दुप्पट दिसू शकत होते. मागची बिले लॉकडाउनमुळे भरली नसतील, तर तो आकडा आणखी फुगणार.

यातून निघणारा निष्कर्ष मला मोलाचा वाटतो. बिल बरोबर असणे आणि ते बरोबर आहे हे ग्राहकाला कळणे, ही दोन वेगळी कामे आहेत. वीज आकार बिलावर एका रकमेत येतो. त्यातून महिन्यांची विभागणी, दरबदलाची तारीख आणि वजा झालेली रक्कम वाचता येत नाही. लिंकवरची फोड इंटरनेट असलेल्याला दिसली. यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणीच्या पाड्यावर ज्याच्या हाती फक्त कागद होता, त्याला ती कागदावरच मिळायला हवी होती. सरकारने तीन हप्त्यांची सोय दिली आणि एकरकमी भरणाऱ्याला 2 टक्के सवलत. त्यामुळे भरणे सोपे झाले, हिशेब समजणे नाही.

वर केलेली चाचणी शाळकरी गणिताची आहे. 80 युनिटांचे घर, 120 चे घर, बरोबर 300 वर थांबणारे घर, बिल थकलेले घर अशी मोजकी उदाहरणे जुन्या आणि नव्या पद्धतीने शेजारी शेजारी सोडवली, तर जूनचे बिल कसे दिसेल हे एप्रिलमध्येच कळले असते. तो कागद बिलासोबत वाटता आला असता.

बिलासोबत हिशेब देण्याची ही मागणी आजही तितकीच निकडीची आहे, कारण स्मार्ट मीटरच्या रूपाने मोजणीच बदलते आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने ग्राहक हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार, रीडिंग वापराशी जुळत नसल्याची तक्रार आली तर वीज कंपनीने पाच दिवसांत जादा मीटर बसवून किमान तीन महिने वापर पडताळायचा आहे. तक्रारीनंतरची ही तरतूद चांगली आहे. पद्धत बदलताना पहिल्या बिलासोबत जुना आणि नवा हिशेब मराठीत, कागदावर देणे त्याहून चांगले. ज्याला पैसे भरायचे आहेत त्याला तो हिशेब स्वतः करून पाहता आला पाहिजे.